कुत्र्याचं तेरावं, बैलाचं दावं

मागच्या महिन्यात आमच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता. वाढदिवस नाहीतर श्रद्धांजली, रोजचंच, म्हणून मी नीट बघितलाही नव्हता. भाजी घेऊन येताना मुलगी थांबली आणि म्हणाली, आई हे बघ, हा तर ब्रूनो. कुत्र्याचा फोटो, फोटोला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', जन्माचं साल, गेल्याची तारीख आणि 'शोकाकुल' म्हणून घरातल्या पाचही जणांची नावं. तेराव्या दिवशी त्या घरानं गल्लीतल्या सगळ्या पोरांना शिरा-पुरी जेवायला घातली आणि त्याच रात्री आमच्या भागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं ते दोन दिवस विझलं नाही. एका बाजूचं म्हणणं, आईबापाला वृद्धाश्रमात टाकतात आणि कुत्र्याचं तेरावं घालतात, ही शहरातली फॅडं आहेत, पैसा जास्त झाला की सुचतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, माणसापेक्षा कुत्री लाख पटीनं बरी, ज्याला हे कळत नाही त्याच्याशी बोलायचंच कशाला. मी दोन्हीकडचे मेसेज शेवटपर्यंत वाचले आणि झोप लागली नाही, कारण माझ्या घरातली सगळी जनावरं, सांगलीतली आणि त्याआधी गावाकडची, एकामागून एक डोळ्यांपुढं येऊन उभी राहिली आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट या दोन बाजूंपैकी कुठल्याच बाजूत बसत नव्हती.

माझं मत आधीच सांगते. ज्या जनावराला आपण नाव दिलं, आपल्या हातानं खाऊ घातलं, ते गेल्यावर रडणं, त्याची आठवण काढणं, हवं तर चार पोरांना जेवू घालणं, यात लाजण्यासारखं काही नाही आणि ते कुठून बाहेरून आलेलंही नाही. पण आठवण काढायची तर पुरी काढावी. त्यानं आपल्याला किती जीव लावला हे सगळेच सांगतात, आपण त्याचं काय देणं लागत होतो आणि ते दिलं का, हे फार कमी जण सांगतात. ग्रुपवर तर कुणीच सांगितलं नाही.

तर आधी ते फॅडचं. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि तिथंच त्यांच्या खंड्या कुत्र्याची पण समाधी आहे. शिकारीत वाघापासून या कुत्र्यानं महाराजांचा जीव वाचवला होता. त्या कुत्र्याच्या नावानं जहागिरीची सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला, हे साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय. डफला ते नवल वाटलं असेल, आमच्या आण्णांना म्हणजे आजोबांना अजिबात वाटलं नव्हतं. ते त्यांच्या वडलांच्या अस्थी घेऊन माहुलीला गेले होते, तिथं ती समाधी बघून आले आणि त्यानंतर आमच्या दारात जो कुत्रा आला त्याचं नाव खंड्या. तो मेला की पुढचाही खंड्या. मी बघितला तो तिसरा. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीवरून २०२५ मध्ये परत वाद झाला, शिवकाळातल्या कागदात वाघ्याचा उल्लेख सापडत नाही हे म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे आणि पुरावा मागणं हे इतिहासाचं कामच आहे. पण धन्याच्या चितेत उडी घेणारा कुत्रा ही गोष्ट एवढी वर्षं लोकांनी खरी का मानली? ऐकणाऱ्याला आपल्या दारातला कुत्रा आठवत होता म्हणूनच ना?

आणि अजून मागं जायचं तर कर्नाटकात आतकूरला एक वीरगळ सापडला, दहाव्या शतकातला, साधारण ९४९-९५० चा, आता बेंगळुरूच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर काली नावाचा कुत्रा आणि रानडुक्कर एकमेकांना भिडलेत, दोघंही त्या झुंजीत मेले, आणि कुत्र्याच्या धन्यानं त्याच्यासाठी दगड उभा करून त्याच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली. हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडात आणि आमच्या चौकातल्या फ्लेक्समध्ये फरक काय, तर दगड टिकतो आणि फ्लेक्स महानगरपालिका काढते. जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथं नारळ फोडतात. भिलवडीहून नावेत बसून आम्ही औदुंबरला जायचो, तिथं दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री, आज्जी म्हणायची हे चार वेद बरं का, आणि नावेतून उतरल्यावर घाटावर पहिली दशमी कुत्र्याला टाकायची. पितृपक्षात घरी पान वाढायच्या आधी कावळ्याचा, गाईचा आणि कुत्र्याचा घास बाजूला निघतो. हे सगळं करणाऱ्या समाजाला कुत्र्याचं तेरावं परकं कसं वाटतं?

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो ग्रुपवर कुणी मांडला नाही, म्हणून मीच मांडते. ज्या समाजानं कुत्र्याला पालखी दिली त्याच समाजानं माणसाला पाणी दिलं नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती, ते पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. पुढं १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीत त्यांनी तोंडावर विचारलं होतं की जिथं आम्हाला कुत्र्यामांजराहूनही वाईट वागवलं जातं त्या देशाला आम्ही आमची मायभूमी कसं म्हणावं. आणि हे महाडातच होतं असं नाही. बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणारी, त्याला पुरणपोळी चारणारी आमच्यासारखी घरं, तोच बैल मेला की त्याला हात लावत नव्हती. ते ओढून न्यायचं काम गावानं एका समाजावर टाकलं होतं, आणि वर त्यालाच विटाळ म्हणत होतं. ज्याच्या आज्यानं दुसऱ्याच्या दारातली मेलेली जनावरं ओढली, त्याला आज चौकात कुत्र्याला हार घातलेला बघून संताप आला तर त्याला कुठल्या तोंडानं समजावणार? मला तरी ते जमायचं नाही, कारण आमचंही घर त्यातलंच.

तरी मी माझ्या मतावर आहे, कारण नीट विचार केला की दिसतं की त्या तळ्यावर माणसाला पाणी नव्हतं ते गाईम्हशींनी पिऊन संपवलं म्हणून नव्हतं. जनावरावरची माया कमी केली असती तर माणसाच्या वाट्याला जास्त आली असती असं तिथं काहीच नव्हतं. माणसाला पाणी नाकारायचं हे वेगळं ठरवलेलं होतं, शास्त्राच्या आणि जातीच्या आधारानं ठरवलेलं. बाबासाहेबांनी जनावरांना तळ्यावरून हाकला असं म्हटलं नाही, माणसाचा हक्क मागितला. पुढं त्यांच्याच सांगण्यावरून लोकांनी मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, सोडायलाच हवं होतं, आणि मग गावाला आपापली जनावरं आपण पुरावी लागली. आमचा हरण्या बैल गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आण्णांनी आणि आप्पांनी म्हणजे माझ्या वडलांनी विहिरीवरच्या चिंचेखाली दिवसभर खड्डा काढला, खाली मीठ पसरलं, बैल उतरवला, वर परत मीठ घातलं. आण्णांच्या हाताला फोड आले होते आणि ते संध्याकाळी त्या फोडांकडं बघत बसले होते, मला वाटतं की आपल्या बैलाचं शेवटचं काम आपल्या हातानं करणं म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असणार. म्हणून ब्रूनोच्या घरी भेटायला गेले तेव्हा मी एकच विचारलं, खड्डा कुणी काढला? थोरला पोरगा म्हणाला, मीच काढला काकू, आमच्या शेतात, चार किलो मीठ घातलं. मग मला त्या फ्लेक्सचं काही वाटेनासं झालं.

आणि ते वृद्धाश्रमाचं वाक्य. दर वेळी हेच वाक्य येतं म्हणून जरा थांबून बघू. आईबापाला टाकणारी आणि कुत्र्यासाठी रडणारी माणसं एकच असतात हे कुणी बघितलंय? ब्रूनोच्या घरातली आज्जी चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, सुनेनं तिचं सगळं जाग्यावर केलं, आणि तो कुत्रा चारही वर्षं त्या कॉटखाली झोपत होता. आज्जी गेली तेव्हा तो दोन दिवस कॉटखालून निघाला नाही. त्या सुनेनं आधी सासूसाठी रडून घेतलं, मग कुत्र्यासाठी रडली. डोळ्यातलं पाणी काय रेशनवर मिळतं का, की कुत्र्याला दिलं म्हणून माणसाला कमी पडलं? उलट माझा अनुभव असा की जे घर मुक्या जनावराचं दुखणं ओळखायला शिकतं, त्याला बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्याचं आणि तान्ह्या पोराचं दुखणंही लवकर कळतं. सगळ्यांच्या बाबतीत हे खरं असेल असं नाही, पण निदान उलटं तरी खरं नाही.

मात्र कुत्री माणसांना चावतात, हा मुद्दा असा बोलून झटकता येत नाही आणि तो झटकणाऱ्या प्राणिप्रेमींवर माझा जास्त राग आहे. यात मी स्वतः भोगलेलं आहे म्हणून सविस्तर सांगते. तिसरा खंड्या, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. मी तिसरीत होते. उन्हाळ्यात एका सकाळी तो उसातून आला तो मानेवर जखम घेऊन, कोल्ह्याशी भांडला असेल असं सगळे म्हणाले, आज्जीनं हळद भरली, जखम सुकली, आम्ही विसरलो. महिना-सव्वा महिन्यानं तो खायचा थांबला. पाण्याच्या घमेल्याजवळ जायचा आणि मागं सरायचा. आवाज बदलला, भुंकला की चिरका घोगरा काहीतरी आवाज यायचा, जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळेची तार. मी आणि चुलतभाऊ त्याच्या तोंडात भाकरीचा काला घालायचा प्रयत्न करत होतो, हातानं. आप्पांनी बघितलं आणि असे ओरडले की तसे ते आयुष्यात परत कधी ओरडले नाहीत. खंड्याला कडब्याच्या खोपटात कोंडला. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला.

मग आम्हा तिघा पोरांना आणि आज्जीला चौदा दिवस रेबीजच्या लसीची चौदा इंजेक्शनं. बेंबीच्या भोवती, पोटावर. रोज एसटीनं तालुक्याला जायचं, चौथ्या दिवसापासून कंडक्टरच विचारायचा, आज कितवं गं? आधीच्या दिवसाची गाठ पोटावर कडक झालेली असायची आणि नवीन सुईला जागा शोधावी लागायची. पुढं मोठी झाल्यावर वाचलं की ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत, कसौलीला सेम्पल नावाच्या डॉक्टरनं १९११ च्या सुमारास ती काढली होती आणि आपल्याकडं २००४-०५ पर्यंत ती चालू होती. म्हणजे आमचे जीव वाचले ते कुठल्यातरी मेंढ्यांच्या जिवावर, त्यांना तर नावंही नव्हती.

आता सांगा, खंड्याची आठवण मी कशी काढायची? त्याचा पडका कान आणि शाळेच्या वेशीपर्यंत सोडायला यायची सवय एवढंच सांगितलं तर ते खोटं होईल. गुरांना लस टोचायला डॉक्टर गावात यायचे, गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला धरून उभं करायचो, आणि दारातल्या कुत्र्याला पण लस असते, ती द्यायची असते, हे एवढ्या मोठ्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाश्चरनं माणसाला रेबीजची लस टोचून शंभर वर्षं उलटून गेली होती. खंड्याला कोल्ह्यानं मारलं असं आम्ही म्हणत आलो, पण त्याला आमच्या निष्काळजीपणानं मारलं. आण्णा त्याला राजाच्या कुत्र्याचं नाव देऊन बसले, एक सुई द्यायची राहिली.

म्हणून 'माणसापेक्षा कुत्री बरी' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पहाटे रस्त्यावर कोण असतं ते बघा. दूध घालणारी पोरं, पेपरवाले, झाडूवाल्या बायका, पहिल्या एसटीला निघालेली म्हातारी. चावा त्यांना बसतो. गाडीची काच खाली करून बिस्किटं टाकून जाणाऱ्याला बसत नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही. त्या माणसाच्या घरच्यांना तुम्ही 'कुत्रा कधी विनाकारण चावत नाही' म्हणून सांगणार का? ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून कायमची कोंडायला सांगितलं आणि अकराच दिवसांनी तो आदेश बदलून नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललीत तिथं सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असं सांगितलं. त्या अकरा दिवसांत देशभर जे भांडण झालं त्यात एक बाजू म्हणत होती सगळी मारा आणि दुसरी म्हणत होती एकालाही हात लावू नका. आणि आमच्या शेजारच्या गोव्यानं काय केलं होतं? गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली, वर्षानुवर्षं टोचली, आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्या कामात ना कुणी कुत्र्यांचा द्वेष केला ना माणसांचा. बर्फातल्या जातीचं हस्की सांगलीत आणायचं, एप्रिलच्या चाळीस डिग्रीत गच्चीवर बांधायचं, वाढदिवसाला केक कापायचा आणि त्वचारोग झाला की रात्री हायवेला सोडून यायचं, याला मी माया म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये आणलेली किती पिल्लं नंतर अशी रस्त्यावर आली ते आमच्या भागानं बघितलंय. तेव्हा ग्रुपवर कुणी श्रद्धांजली लिहिली नाही.

अजून एक आक्षेप असतो आणि तो आपल्याच शेतकरी माणसांकडून येतो. आम्ही जनावरं पाळली ती कामासाठी, तुमच्यासारखी हौसेसाठी नाही, बैल थकला की विकला, रडत बसलो नाही. शहरातली माणसंही हेच उलटं करून म्हणतात, शेतकऱ्याचं प्रेम म्हणजे उपयोगापुरतं. दोघांनाही विचारावंसं वाटतं, उपयोग आणि माया एका ठिकाणी राहत नाहीत हे कुणी ठरवलं? आई दिवसभर राबते म्हणून तिच्यावरचं प्रेम उपयोगापुरतं होतं का? बरोबर राबल्यानंच तर जीव लागतो. खिल्लार बैलाच्या पायाचा नुसता आवाज ऐकून आप्पा सांगायचे की नाल झिजलाय. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला कोर्टानं परवानगी दिली, २०२३ ला घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला, त्या सगळ्या वर्षांत 'खिल्लार वाचवा' आणि 'बैल वाचवा' अशा दोन्ही घोषणा मी ऐकल्या, पण ज्याला वाचवायचं त्याची शेपूट पिरगाळणार नाही, त्याला बॅटरीचा शॉक देणार नाही, एवढं सांगायला दोन्हीकडं फार थोडे तयार होते.

आणि विकला की रडलो नाही, हेही खरं नाही. हरण्याचा जोडीदार पाखऱ्या. हरण्या गेल्यावर तो एकटा पडला, नवीन जोड जमेना, तेवढ्यात भावकीत ट्रॅक्टर आला आणि १९९६ ला आप्पांनी त्याला खरसुंडीच्या यात्रेत विकला. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आप्पा रात्री शेवटच्या गाडीनं आले, पिशवीतून दावं काढून आईच्या हातात दिलं आणि जेवायला बसले ते पहिला घास हातात घेऊन नुसते बसून राहिले. आईनं ते दावं गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. त्यात पाखऱ्याच्या मानेचे पांढरे केस अडकलेले होते, मी सुट्टीला गेले की बघायचे. त्या पैशातून माझी कॉलेजची फी भरली गेली. मी जे काही शिकले त्यात त्या बैलाचा वाटा आहे, आणि तो पुढं कुणाच्या दारात कसा राहिला हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

जनावरापायी माणसानं जीव धोक्यात घालावा का, हा प्रश्न आमच्या भागात पुस्तकी नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावाकडं आप्पा आणि आई निघायला तयार नव्हते, गोठ्यात गंगी म्हैस होती, गाभण. मी फोनवर रडून, ओरडून, रागावून सांगितलं, म्हशीपायी मरणार आहात का? आणि तेव्हा मी बरोबरच होते, आमच्या शेजारच्या ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटून माणसं गेली, त्या दिवसांत एकेका तासाला किंमत होती. ग्रुपवरचा जो माणूस म्हणतो की आधी माणूस, तो या ठिकाणी बरोबर आहे, यावर मी वाद घालणार नाही. पण आप्पांनी काय केलं ते ऐका. रात्री गोठ्यात मांडीएवढं पाणी आलं तेव्हा ते विळा घेऊन गेले, गंगीचं दावं कापलं आणि तिला दाराबाहेर काढून पाण्यात ढकललं. बांधलेलं जनावर बुडतं, सुटं पोहतं. मग वरच्या माळ्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी बोट आली. गंगी परत आली नाही. पाणी उतरल्यावर गावात बांधल्या जागी मेलेली जनावरं बघून आप्पा एवढंच म्हणाले, मी कापलं होतं. पुढं ते तीन वर्षं जगले, तोपर्यंत हे वाक्य मध्येच कधीतरी म्हणायचे, कुणी विचारलेलं नसताना. 'आधी माणूस' हे बरोबर आहे, पण निघताना दावं कापून निघायला तर कुणी अडवलेलं नसतं.

त्या बोटीत आईच्या पदराखाली एक पिल्लू होतं, माळ्याच्या जिन्यावर भिजून बसलेलं सापडलं होतं. बोटीतला जवान म्हणाला होता माणसंच घ्यायची आहेत, मग त्यानं पदर हलताना बघितला आणि दुसरीकडं बघितलं. पोरीनं तिचं नाव होडी ठेवलं. आता ती सात वर्षांची होत आली, मागचे पाय थोडे धरतात, पावसाचा आवाज वाढला की अजून आईच्या कॉटखाली जाते. तिचं लसीचं कार्ड फ्रिजवर लावलेलं आहे, दरवर्षीची तारीख मी मुलीला स्वतः लिहायला लावते.

जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला नेली तेव्हा अख्खा कोल्हापूर-सांगली पट्टा रडला, मोर्चे निघाले. कुत्र्यासाठी रडणं फॅड म्हणणारे आमच्या ग्रुपवरचे दोन-तीन जण त्या मोर्चात होते, आणि मला ते बघून बरंच वाटलं होतं, कारण ते रडू खरं होतं. पण तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल, एकटं राहण्याबद्दल जे प्रश्न विचारले गेले तेही खरे होते, आणि प्रेम करणाऱ्यांनीच ते आधी विचारले असते तर कदाचित दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ आली नसती. मला याच जागी दोन्ही बाजू कमी पडताना दिसतात. आमची आहे म्हणणाऱ्यानं तिच्या पायाकडं बघायला हवं, आणि पायाकडं बघणाऱ्यानं तिला नावानं हाक मारणाऱ्या माणसांकडंही.

आई आता आमच्याकडंच असते. यंदा बेंदराला तिनं मातीचे बैल आणले, शिंगं रंगवली, पाटावर मांडले, पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला आणि पिशवीतून ते दावं काढून पाटाभोवती गोल ठेवलं. पुराच्या चिखलातून ते तिनं धुऊन आणलेलं आहे, केस आता राहिले नाहीत. मुलीनं विचारलं, आज्जी, पाखऱ्याला कुणी घेतला होता गं? मला वाटलं होतं हे आईलाही माहीत नसणार.

"आटपाडीकडचा माणूस हुता," आई म्हणाली. "खरसुंडीला जाणाऱ्या परत्येकाला इचारायची मी, सांगू नगं म्हणायची ह्यांना. सा वर्सानी कळलं, गेला म्हणून. चांगला ठेवला हुता त्यानं, शेतातच पुरला." तिनं बैलाच्या शिंगाला लागलेला हिंगूळ बोटानं सारखा केला. "मीठ घातलं का न्हाई, तेवढं इचारायचं राह्यलं."